प्रकल्प नोंदी: दहा दिवस टिकून मग विरघळणारी तार

३ जुलै २०२५

मॅडमच्या ओळखीच्या हृदयशल्यविशारदांशी आज तासभर बोलणं झालं. अर्जात प्रकल्पाचं नाव ‘रोपणयोग्य उपकरणांसाठी जैवविघटनशील विद्युतवाहक’ असं भारदस्त आहे, पण नेमकं काय बनवायचं ते आज ठरलं. बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर हृदयाच्या पृष्ठभागावर टाचून ठेवतात ती तात्पुरती पेसिंगची (विजेचे सौम्य स्पंद देऊन ठोके सांभाळण्याची) तार.

बारीक स्टीलची तार. एक टोक हृदयाच्या स्नायूत, दुसरं त्वचेतून बाहेर, पुढे पेसमेकरची पेटी. ठोके आपले आपण नीट पडायला लागले की काही दिवसांनी ती हळूच ओढून काढतात. बहुतेकांना काही होत नाही. क्वचित कुणाच्या तारेला ऊतक धरून बसलेलं असतं. ओढताना ते फाटतं आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचतं. नील आर्मस्ट्राँग २०१२ मध्ये बायपासनंतर गेले, तेव्हा सगळं बिघडायला सुरुवात झाली ती या तारा काढल्यावरच्या रक्तस्रावातून.

डॉक्टर म्हणाले, “पहिले दहा दिवस तिने दगा द्यायचा नाही. त्यानंतर ती कधी जाते याची मला घाई नाही. पण ती काढायला मला परत हात लावावा लागू नये.”

मोजमापं लिहायला याहून चांगली सुरुवात नाही. दहा दिवस पूर्ण भरवसा, मग माघार.

७ जुलै

जुनं वाचन एका जागी आणलं. शरीरात काम करून विरघळून जाणाऱ्या उपकरणांच्या या शाखेचा पाया २०१२ चा. संशोधक जॉन रॉजर्स तेव्हा इलिनॉयला होते, टफ्ट्स विद्यापीठातले फिओरेन्झो ओमेनेटो रेशीम घेऊन आले, आणि सिलिकॉनचा अतिपातळ पापुद्रा, मॅग्नेशियमच्या वाटा आणि रेशमाचा पाया असं पाण्यात विरघळून जाणारं सर्किट त्यांनी दाखवलं. २०१६ मध्ये उंदरांच्या मेंदूतला दाब आणि तापमान मोजून नाहीसा होणारा संवेदक आला. २०१८ मध्ये तुटलेल्या नसेला रोज थोडा वेळ वीज देऊन ती लवकर भरून आणणारं उपकरण. २०२१ चा पेसमेकर आमच्या सगळ्यात जवळचा: बॅटरी नाही, बाहेर येणारी तार नाही, जाडी २५० मायक्रॉन, ऊर्जा बाहेरच्या कॉइलमधून. एप्रिल २०२५ मध्ये रॉजर्स यांच्याच गटाने १.८ × ३.५ × १ मिमीचा, सिरिंजमधून आत जाणारा पेसमेकर मांडला. त्याला शरीरातल्या द्रवावरच वीज मिळते आणि छातीवरच्या पट्टीतून येणाऱ्या प्रकाशाने तो चालू-बंद होतो.

तिथवर पोचायला क्लीन रूम, सिलिकॉनचं फॅब्रिकेशन, मोठा पैसा हवा. आमच्याकडे फ्यूम हूड, इन्क्युबेटर आणि एक जुनं पण भरवशाचं सोर्समीटर (प्रवाह देऊन व्होल्टेज मोजणारं यंत्र). म्हणून अख्खं उपकरण नाही, फक्त तार. पेटी बाहेरचीच राहील. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात आहे तीच पेटी, आहे तेच कनेक्शन, बदलेल फक्त आतलं टोक. हे काम लहान आहे असं मला वाटत नाही.

१० जुलै

तारेसाठी पहिली निवड मॅग्नेशियमची पातळ फॉइल. ती हातात यायच्या आधी कागदावरचा हिशेब.

मॅग्नेशियमची रोधकता ४.४ × १०⁻⁸ ओहम-मीटर. २५ मायक्रॉन जाड, १ मिमी रुंद, ४० मिमी लांब पट्टी घेतली तर रोध ०.०७ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध याहून जास्त असतो, त्यामुळे मोजणी चार टोकांची: दोन टोकांतून प्रवाह, आतल्या दोन टोकांवर व्होल्टेज. पेसिंगमध्ये पेटीला दिसणारा भार पाचशे ओहमच्या आसपास, त्यापुढे हे ०.०७ म्हणजे काहीच नाही. वाहकता आमची अडचण नाही. ठळक अक्षरात लिहून ठेवतोय, कारण या विषयावरचे निम्मे लेख वाहकता वाढवण्यातच खर्ची पडतात.

आता वायू. त्या पट्टीचं घनफळ बरोबर १ घन मिमी, वजन १.७४ मिग्रॅ. मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचा एक रेणू सुटतो, म्हणजे ३७ अंशांना सुमारे १.८ मिली. एक घन मिमी धातूतून अठराशे घन मिमी वायू! खरी तार २० सेमी धरली तर ९ मिली. हृदयाभोवतीच्या पिशवीत एरवी १५ ते ५० मिली द्रव असतो. वायू महिनाभरात थोडाथोडा सुटला तर रक्त वाहून नेईल, एका दिवसात सुटला तर नाही.

खुद्द धातूची भीती नाही. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि दिवसाला तीनचारशे मिग्रॅ आपण जेवणातून घेतो.

बेल्जियमच्या लाम्बॉट यांची १९०७ च्या सुमाराची शस्त्रक्रिया मॅडमनी आठवण करून दिली. पायाच्या मोडलेल्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी आणि ती धरायला सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे. आठ दिवसांत पट्टीचा भुगा आणि कातडीखाली वायूचे फुगे. दोन वेगळे धातू एका खारट द्रवात एकमेकांना टेकले की मॅग्नेशियम दुसऱ्यासाठी स्वतःला संपवतं. आमच्या तारेला बाहेर तांब्याची क्लिप लागणारच, तेव्हा तो सांधा कायम कोरडा राहिला पाहिजे.

१८ जुलै

उघडी फॉइल, ०.९ टक्के सलाईन, ३७ अंश. लहान बाटलीत फॉइल अपेक्षेपेक्षा बरीच जास्त टिकते. कारण साधं आहे. विरघळताना मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बनतं, द्रवाचा पीएच १० च्या वर जातो आणि त्या पीएचला गंजणं मंदावतं. म्हणजे बाटली जितकी लहान, निकाल तितका गोड. शरीरात रक्त वाहतं, बायकार्बोनेट पीएच सावरून धरतो, तिथे ही सवलत नाही. आजपासून नियम: पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेमीमागे किमान २० मिली द्रव, तो बफर (पीएच सावरून धरणारा क्षार) असलेला, आणि ठरल्या वेळी बदललेला.

द्रवाचं घनफळ न सांगता “आमचं मॅग्नेशियम इतके दिवस टिकलं” म्हणणाऱ्या आकड्यावर यापुढे विश्वास ठेवायचा नाही.

२६ जुलै

कोष आले. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ पासून रेशीम कोषांची खरेदी होते. त्याआधी मराठवाड्यातला शेतकरी माल घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचा. आमचे कोष अंबड तालुक्यातल्या एका तुती उत्पादकाकडून आले. फोनवर त्यांना सांगितलं की धागा काढायचा नाही, औषधाच्या कामाला हवेत. ते म्हणाले, “मग डागी चालतील की, स्वस्तात देतो.” म्हटलं, “नाही काका, उलट तेच नकोत. एकही डाग नको.” आतली अळी मेली आणि फुटली की कोष आतून माखतो आणि ते प्रथिन धुऊन जात नाही. काकांनी हाताने निवडून पांढरेशुभ्र दुबार (वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या जातीचे) कोष पाठवलेत. एकेक उघडून पाहिला, चोख माल आहे.

रेशीमच का, तर रेशमाचा टाका शल्यचिकित्सेत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि फायब्रॉइनची (रेशमाच्या मूळ प्रथिनाची) फिल्म किती दिवसांत विरघळावी हे तिच्यातल्या स्फटिकांच्या प्रमाणावरून ठरवता येतं. वरचा चिकट थर, सेरिसिन, मात्र पूर्ण गेला पाहिजे. रेशमावर शरीर चिडतं त्यात त्याचा मोठा हात मानला जातो.

५ ऑगस्ट

पद्धत लिहून ठेवतो, पुढच्या मुलांना लागेल.

कोष कात्रीने कापून अळी आणि आतली साल काढायची. ५ ग्रॅम कोषांना २ लिटर पाणी आणि ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. पाणी उकळल्यावर कोष टाकायचे, बरोबर तीस मिनिटं. जास्त उकळले तर फायब्रॉइनची साखळी तुटते आणि फिल्म ठिसूळ होते. शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन पिळायचं, रात्रभर वाळवायचं. वजन सुमारे पाव भागाने घटलं की सेरिसिन गेलं असं समजायचं. हाताला कोष करकरीत लागतो, धुतलेलं फायब्रॉइन मऊ कापसासारखं.

मग ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड, ६० अंश, चार तास. मधाच्या रंगाचा घट्ट द्रव होतो. तो डायलिसिस ट्यूबमध्ये भरून दोन दिवस पाण्यात, पाणी बदलत. ट्यूब हलक्या हाताने उचलायची. झटका बसला की आतल्या आत जेल होतं. प्रयोगशाळेतले मामा हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात. त्यांचा हात स्थिर आहे आणि ट्यूबला गाठ मारताना त्यांच्याकडून हवेचा बुडबुडा राहत नाही.

फिल्म सपाट डिशमध्ये ओतून झाकून वाळवायची. ऑगस्टच्या दमट हवेत पंख्याखाली ती नीट वाळत नाही, डेसिकेटर (ओलावा शोषणारं बंद भांडं) लागतो. शेवटी पाण्याच्या वाफेत ठेवली की स्फटिक वाढतात आणि ती पाण्यात लगेच विरघळत नाही.

रेशमातून पाणी आरपार जातं, म्हणून ते संरक्षणाचा थर होऊ शकत नाही. आमच्याकडे ते पाठीचा कणा आहे: ताण घेणारं, वळणारं, टाका धरणारं.

१४ ऑगस्ट

आवरणाला लागलो. हातात तीन गोष्टी: पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि पीएलजीए हे शरीरात विघटन होणारे दोन पॉलिमर, आणि मधमाशीचं मेण.

नवीन माणसाची इथे हमखास गल्लत होते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन शरीरात दोनेक वर्षं राहतं असं पुस्तकात वाचलं की वाटतं, आतला धातूही दोन वर्षं सुरक्षित. तसं नसतं. पॉलिमरची साखळी तुटायला महिने-वर्षं लागतात, पण पाण्याचा रेणू ५० मायक्रॉन जाडीतून काही तासांत पलीकडे जातो. आवरण जागच्या जागी धडधाकट दिसतं आणि आत मॅग्नेशियम पांढरं पडू लागलेलं असतं. पीएलजीएचा आणखी एक गुण: तुटताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल सुटतं आणि ते धातू आणखी भराभर खातं.

मेण मात्र पाण्याला खरोखर अडवतं. रॉजर्स गटानेही २०२१ च्या पेसमेकरमध्ये आतल्या जोडणीसाठी कँडेलिला मेणात टंगस्टनची पूड कालवलेली पेस्ट घेतली होती. मेणाचा दोष एकच, वाकवलं की तडकतं.

२२ ऑगस्ट

आजचा दिवस या सगळ्या कामात सगळ्यात जास्त शिकवून गेला.

आवरण घातलेल्या पट्ट्या ठरलेल्या वेळेच्या खूप आधी निकामी होत होत्या, आणि रोधाचा आलेख ते कुठून सुरू होतं हे सांगत नव्हता. आलेख बराच काळ सपाट असतो, मग अचानक वर उडतो. पट्टी एका जागी तुटली की संपलं, बाकी सगळा धातू चकचकीत असला तरी. म्हणून सलाईनमध्ये अगार घालून, त्यात फिनॉल्फथॅलीनचे थेंब टाकून, पट्ट्या त्या जेलमध्ये बसवल्या. पाणी मॅग्नेशियमपर्यंत पोचलं की तिथे हायड्रॉक्साइड सुटणार आणि जेल गुलाबी होणार. जेल द्रवासारखं हलत नाही, म्हणून रंग जिथे सुटतो तिथेच दिसतो.

पहिला ठिपका दिसला तो पट्टीच्या कोपऱ्यावर. मग कापलेल्या कडेने ओळीत, मण्यांसारखे. सपाट पृष्ठभाग, जिथल्या जाडीचा आम्ही इतका विचार करत होतो, तो शेवटपर्यंत कोरा राहिला. एम.एस्सी.च्या मुलीने ओरडून सगळ्यांना बोलावलं, मॅडमही आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली कारण उघड झालं. कात्रीने कापलेल्या कडेला बारीक खरखरीत धार उभी राहते आणि तीक्ष्ण कडेवरून पातळ द्रव पृष्ठताणाने मागे सरकतो. सपाट भागावर ५० मायक्रॉनचा थर बसतो तेव्हा धारेच्या टोकावर जेमतेम काही मायक्रॉन. गुलाबी ठिपक्याखाली आवरण किंचित उचललेलं दिसत होतं: आत हायड्रोजनचा फुगा. तो फुगा आवरणाला धातूपासून सोलत जातो आणि पाण्याला पुढची वाट मोकळी करून देतो.

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे आपण आतापर्यंत पॉलिमर तपासत नव्हतो, कात्री तपासत होतो.”

आवरण किती जाड, कुठल्या पॉलिमरचं, या चर्चेला कडा ठीक झाल्याशिवाय अर्थ नाही. यापुढे: कडा इथेनॉलमध्ये बारीक पॉलिश पेपरने गोल करायच्या (पाण्यात नाही), पट्टी एकदा एका टोकाने आणि एकदा उलटी धरून बुडवायची, कोपरे असे ठेवायचेच नाहीत.

२६ ऑगस्ट

उद्यापासून गणपती. चालू पट्ट्या कॅम्पसवरच राहणारा सहकारी बघेल. इन्क्युबेटर यूपीएसवर आहे.

९ सप्टेंबर

गोल कडांनी फरक पडला, पण वायूचा प्रश्न तसाच. आवरण आज ना उद्या फुटणारच, तेच तर हवंय. आणि ते फुटेल तेव्हा पातळ फॉइल भराभर संपेल आणि ९ मिली वायू एकदम सुटेल. मॅडमशी बोलून मॅग्नेशियम बाजूला ठेवलं. ते वाईट नाही, या जागेला साजेसं नाही.

पुढे मॉलिब्डेनम. पाण्यातून हायड्रोजन काढण्याऐवजी ते विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मदतीने हळूहळू मॉलिब्डेट होऊन जातं. वायू नाही, वेगही मॅग्नेशियमच्या मानाने फारच मंद. शरीराला ते सूक्ष्म प्रमाणात लागतंही, दिवसाला ४५ मायक्रोग्रॅम.

त्याची तार ओढणं आमच्या आवाक्यातलं नाही, म्हणून पेस्ट: मॉलिब्डेनमची पूड, मेण, थोडं पॉलिकॅप्रोलॅक्टोन. वीज वाहायला कणाला कण टेकून सलग साखळी बनली पाहिजे. इथे वजनाचा आकडा फसवतो. मॉलिब्डेनमची घनता १०.२८, मेणाची ०.९६ च्या आसपास. वजनाने ८२ टक्के धातू घातला तरी घनफळाने तो जेमतेम ३० टक्के. त्याहून फार खाली गेलं की पेस्ट काळी दिसते, जड लागते, आणि मीटर ‘ओव्हरलोड’ दाखवतो. पुडीच्या कणांवरचा ऑक्साइडही आड येतो. पूड डेसिकेटरमधून काढली की त्याच दिवशी वापरायची.

हिशेब: पेस्टची वाहकता १०⁴ सीमेन्स प्रति मीटर धरली, पट्टी २० सेमी × १ मिमी × ०.२ मिमी, तर रोध १०० ओहम. आतला धातू १२ घन मिमी, म्हणजे १२३ मिग्रॅ. मॉलिब्डेनमची रोजची वरची मर्यादा प्रौढांसाठी २ मिग्रॅ मानतात. म्हणजे ही पट्टी दोन महिन्यांच्या आत संपताच कामा नये! आणि ती मर्यादा पोटातून जाणाऱ्या मॉलिब्डेनमची आहे, थेट ऊतकात सुटणाऱ्याला त्याहून कडक हात लावायला हवा. जाडी निम्मी केली तर धातू निम्मा आणि रोध २००. तात्पुरत्या पेसिंगची पेटी ठरलेला प्रवाह देते. १० मिलीअँपिअरला एकूण ७०० ओहमवर ७ व्होल्ट लागतात. हे परवडतं. जाडी ०.१ मिमी ठरवली. १० जुलैला ठळक लिहिलेलं वाक्य इथे कामी आलं: वाहकता थोडी सोडून दिली आणि त्या बदल्यात रुग्णाच्या अंगातला धातू निम्म्यावर आणला.

१९ सप्टेंबर

घाईवर तोडगा नाही. तापमान वाढवून चाचणी लवकर उरकण्याची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशांना वितळतं, मधमाशीचं मेण ६२ ते ६४ ला, आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. ५० अंशांना जे मोजू ते वेगळ्याच पदार्थाचं मोजमाप ठरेल. म्हणून ३७ अंश, आणि दहा दिवस म्हणजे दहा दिवस.

वाकवण्याची चाचणी मात्र लवकर होते. हृदय मिनिटाला ७२ या हिशेबाने दिवसाला एक लाखाच्या वर ठोके देतं, दहा दिवसांत दहा लाख. वर्कशॉपने छोट्या मोटरला कॅम लावून दिलाय, सेकंदाला पाच वेळा वाकवतो, दहा लाख सुमारे ५६ तासांत होतात. पण कोरड्या पट्टीला वाकवून मिळालेला निकाल अर्धाच. पाणी मुरलेलं आवरण वेगळं वागतं. पट्टी आधी द्रवात मुरवायची, मग द्रवातच वाकवायची.

६ ऑक्टोबर

रेशमाच्या फिल्मवर मेण-मॉलिब्डेनमची पट्टी, वर मेण-पॉलिकॅप्रोलॅक्टोन मिश्रणाचं आवरण. नुसतं मेण वाकवल्यावर तडकतं, मिश्रण नाही, आणि रेशमाचा पाया ताण आपल्याकडे घेतो. मुरवून वाकवलेल्या पट्ट्यांचा रोध दहा दिवसांत थोडा चढला, पण पेटीला चालेल त्या मर्यादेत राहिला. बाद झाल्या त्या पेस्ट असमान बसल्यामुळे, आणि त्या सुरुवातीच्या मोजणीतच वेगळ्या काढता येतात.

एवढं मिळाल्यावर मला पुढचं कठीण काम दिसतंय. दहा दिवस टिकणं जमतंय. नंतरची माघार कशी होते ते अजून बघायचंय.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांना पट्ट्या दाखवल्या. त्यांनी एक बोटाभोवती गुंडाळली, सुईने टाका घालून पाहिला, रेशीम फाटलं नाही. मग सरळ मुद्द्यावर आले: “मेण गेलं आणि पूड मोकळी झाली, तर ती जाते कुठे?”

रोध अनंत झाला म्हणजे तार संपली, असं विजेच्या मोजणीत म्हणता येतं, पण कण तेव्हा तिथेच असतात. ते मॉलिब्डेट होईपर्यंत जागेवर थांबतात, पेशी त्यांना गिळतात, की रक्तासोबत पुढे सरकतात, यावर या तारेचं भवितव्य आहे. म्हणून धातूच्या आधी आवरण जाणं आम्हाला नको. कणांना धरून ठेवणारं जाळं धातू संपेपर्यंत राहिलं पाहिजे. मेण शरीरात फारच सावकाश जातं, त्यामुळे त्याचं प्रमाणही याच नजरेने पुन्हा ठरवावं लागेल. रेशमाचे स्फटिक वाढवून ते जाळं करता येईल का, हा पुढचा प्रश्न.

आज ठरलेली कामं: रेशमात बंद केलेली पूड गाळणीच्या कागदाच्या पिशवीत ठेवून बाहेरच्या द्रवातलं मॉलिब्डेनम आयसीपीवर (द्रवातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणं, कण आणि विरघळलेला धातू वेगवेगळे. पेशींवरची चाचणी आयएसओ १०९९३ (वैद्यकीय उपकरणं शरीराला बाधतात का हे तपासण्याचं मानक) प्रमाणे, बाहेरच्या प्रयोगशाळेत. प्राण्यांवरच्या प्रयोगाचा अर्ज नैतिकता समितीकडे त्या दोन्हींचे आकडे हातात आल्यावरच, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ते पूर्ण पटतं. काकांना नव्या हंगामाचे कोष सांगितलेत. दिवाळीच्या सुट्टीआधी डायलिसिस उरकायचा आहे.